ड्रेड म्हणजे न धुतलेले केस नव्हेत

‘ड्रेडलॉक्स म्हणजे वर्षानुवर्षं न धुतलेले केस. त्यात उवा होतात. काढायचे तर टक्कलच करावं लागतं. ही गोऱ्यांची घाण. आपल्याकडे जट येते ती देवीची, ती कापू नये.’ हा मेसेज या आठवड्यात मला तीन नातेवाइकांनी पाठवला. मी गोव्यातल्या मांद्र्याची, सहा वर्षं ड्रेड, म्हणजे केस गुंतवून केलेल्या जाड लटा, राखतेय, म्हणून उत्तर देते.

केस धुतले नाहीत तर ते तेलकट होतात, आणि तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, नीट गुंतत नाहीत. स्वच्छ, कोरड्या केसांच्या लटा चांगल्या होतात. मी आठवड्यातून एकदा शाम्पू करते. खरं कष्टाचं काम त्यापुढचं, वाळवण्याचं. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तिथे बोटाएवढी जाड लट आतून वाळायला किती वेळ लागेल! म्हणून सकाळीच धुवायचं, एकेक लट पंच्यात पिळायची आणि पंख्याखाली बसायचं. पहिल्या वर्षी चतुर्थीच्या गडबडीत ओल्या केसांनीच झोपले. चार दिवसांत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. म्हणजे वास येतो तो आत मुरलेल्या ओलीचा.

उवांचं थोडक्यात सांगते. ऊ एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, मग केस मोकळे असोत, वेणी असो की ड्रेड.

टक्कल करावंच लागतं, हेही खोटं. भरपूर कंडिशनर, दातेरी फणी आणि चार-पाच दिवसांचा धीर असेल तर लट सुटते. माझ्या मैत्रिणीची आम्ही दोघींनी मिळून सोडवली. शेवटी केसांचा हा ढीग पडला आणि ती रडायलाच लागली. पण रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात; ड्रेडमध्ये ते खाली पडत नाहीत, आतच अडकून राहतात. तो ढीग त्या साठलेल्या केसांचा होता. एक धोका मात्र खरा आहे: मुळं सारखी घट्ट पिळत राहिलात तर कपाळाजवळचे केस विरळ होतात.

गोऱ्यांचं म्हणाल, तर ड्रेड राखणारा जमैकातला रास्ताफारी पंथ 1930च्या दशकातला आणि तो काळ्या लोकांचा. आणि शंकराच्या जटा आपण कधीपासून पुजतोय?

मला सगळ्यात जास्त राग आला तो मेसेजमधल्या शेवटच्या वाक्याचा, जट देवीची म्हणून कापू नये याचा. पेडण्याच्या बाजारात एका काकूंनी पदर बाजूला करून मला मानेवरची जट दाखवली. चपटी, दगडासारखी कडक, खालची कातडी लाल झालेली. “तू तुझी धुतेस?” त्यांनी विचारलं. त्यांना घरात कुणी पाणीसुद्धा लावू देत नव्हतं, देवी कोपेल म्हणून. केस विंचरले नाहीत की गुंततात, गुंता वाढला की जट होते. त्यात देवीचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा कितीतरी बायकांच्या जटा कापून देतात. मी माझे ड्रेड हौसेने ठेवलेत, नको झाले तर उद्या काढीन. काकूंनाही तेच सांगितलं, आणि मुळापाशी दोन बोटं केस राखून कात्री कुठून लावायची, ते त्यांच्याच मानेवर बोट ठेवून दाखवलं.