एक स्टार दिलेल्या जीपमालक भाऊंना आमच्या गॅरेजचं उत्तर

रामराम भाऊ. तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांचं काम नऊ दिवस नेलं, आजोबांच्या जीपला ट्रॅक्टरचं भंगार लावून जुगाड केला, ब्रेकच्या ड्रमवर हातोडे मारले आणि वरून त्या जुगाडाचे २,२०० रुपये बिलात लावले. गॅरेज माझं आहे, म्हणून उत्तर मीच देतो.

आधी चूक कबूल करतो. तिसऱ्या दिवशीच कळलं होतं की काम लांबणार. तेव्हाच तुम्हाला फोन करायला पाहिजे होता, तो केला नाही. तुम्ही मंठ्याहून दोनदा हेलपाटा मारलात, आणि दोन्ही वेळा जीप स्टँडवर चाक काढलेली दिसली. राग येणारच. माफी मागतो.

पण 'जुगाड' हा शब्द मला लागला, कारण तुमचा ड्रम आज शाबूत आहे तो आम्ही बनवलेल्या त्या ओढायच्या हत्यारामुळेच.

तुमची जीप सीजे थ्री बी मॉडेलची, १९७४ ची. तिचा मागचा ड्रम आजच्या गाड्यांसारखा दोन स्क्रू काढले की हातात येत नाही. ड्रम आणि हब (चाकाचा मधला भाग) स्टडांनी, म्हणजे चाकाच्या बोल्टांनी, एकत्र धरलेले असतात, आणि हब चाक फिरवणाऱ्या निमुळत्या शाफ्टवर पाचरीसारखा ठोस बसतो, मधे चावी, म्हणजे दोघांना एकत्र फिरवणारा लोखंडी तुकडा. वरचा नट किमान दीडशे पाउंड-फूट ताकदीने आवळायचा असतो. तेवढा आवळला नाही तर हब शाफ्टवर हलतो आणि चावी कापली जाते. त्यात तुमची जीप किती पावसाळे गोठ्याशेजारी उभी होती ते तुम्हीच सांगितलं होतं. हब आणि शाफ्ट गंजून एकजीव झाले होते.

पहिल्या दिवशी आमच्याकडचा तीन पायांचा पुलर, म्हणजे स्क्रूने ओढून काढायचं हत्यार, लावला. तो ड्रमच्या काठाला धरतो. दोन पीळ दिले आणि काठ कुरकुरायला लागला, तिथंच थांबलो. ड्रम बिडाचा असतो, बीड वाकत नाही, तडकतं. घण घातला असता तर ड्रम गेला असता. शाफ्टच्या टोकावर घातला असता तर दणका आत डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरपेटीच्या, बेअरिंगपर्यंत गेला असता. 'गॅसवर तापवा' असं तुम्ही म्हणाला होतात, पण हबच्या मागे ऑइल सील आणि बेअरिंग आहे, ग्रीस आहे. मी नाही म्हणालो आणि आजही नाहीच म्हणेन.

अशा हबला पाचही स्टडांवरून सरळ ओढणारा पुलर लागतो. तो जालन्यात कुणाकडे मिळाला नाही, म्हणून बनवला. स्टडांच्या टोकांना ग्रीस लावून त्यावर वहीचा पुठ्ठा दाबला, पाच काळे ठिपके उमटले. तेच ठिपके वीस मिलिमीटरच्या प्लेटवर पंच केले आणि लेथवाल्याकडून भोकं पाडून घेतली. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, प्लेट तासाभरात मिळाली. अडचण होती मधल्या स्क्रूची. बाजारातल्या साध्या बोल्टचे आटे एवढ्या ताणाला सोलून निघतात. मग ट्रॅक्टरची टॉप लिंक आठवली, ट्रॅक्टरला नांगर जोडणारा वरचा आट्यांचा दांडा, जो नांगरताना मोठा जोर सोसतो. तिची आट्यांची नळी कापून प्लेटच्या मधोमध दोन्ही बाजूंनी वेल्ड केली, स्क्रूचं टोक लेथवर बारीक करून घेतलं, मागं पान्यासाठी मोठा नट वेल्ड केला. लिंक जुन्या बाजारातून घेतली हे खरं, पण आट्यांना ओरखडासुद्धा नव्हता, ते मी नखाने तपासले होते.

शाफ्टचा नट पूर्ण काढला नाही, फक्त तीन आटे सैल ठेवला, कारण असा हब सुटतो तेव्हा उडतो. संध्याकाळी स्क्रू ताणून, गंजावर तेल सोडून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी आणखी पाव फेरा दिला आणि स्क्रूच्या डोक्यावर, ड्रमवर नव्हे, एक हातोडी मारली. असा आवाज झाला की शेजारच्या पंक्चरवाल्याचा पोरगा पळत आला. ड्रम थोडा पुढे येऊन नटावर अडला होता. तुम्ही म्हणता ते हातोड्याचे व्रण ड्रमच्या आतल्या काठाला, छिन्नीचे आहेत, आणि त्या व्रणांत गंज आहे. आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी प्रयत्न केलेला दिसतो. काम सुरू करताना काढलेला फोटो माझ्याकडे आहे.

पुढचे दिवस ड्रमच्या आत सापडलेल्या गोष्टींनी खाल्ले. ऑइल सील फाटलं होतं, गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीवर) उतरलं होतं, म्हणूनच ब्रेक धरत नव्हता. चावी अर्धी कापली गेली होती. सील संभाजीनगरहून मागवलं, ते एकदा चुकीच्या मापाचं आलं. जुनी चावी पिशवीत घालून तुमच्या टूलबॉक्समध्ये ठेवलीय, बघून घ्या.

आता पैशाचं. तो पुलर आमच्या भिंतीवर टांगलाय आणि पुढच्या जीपला आम्हीच वापरणार. मग त्याचे पैसे तुमच्याकडून घेणं बरोबर नव्हतं. २,२०० रुपये परत करतो. सील, चावी, लायनर आणि मजुरीचे पैसे मात्र योग्य आहेत, त्यात कमी करणार नाही.

आणि एक काम बाकी आहे. पाचशे किलोमीटर झाले की तो नट परत आवळून बघावा लागतो, हब निमुळत्या शाफ्टवर आणखी बसतो. त्याचे पैसे नाहीत. सकाळी नऊच्या आत अंबड चौफुलीवर या, पैसे तेव्हाच हातात देतो, आणि नट तुमच्यासमोर आवळतो. त्याआधी त्या चाकातून टकटक आवाज आला तर गाडी चालवू नका, फोन करा, मी मंठ्याला येतो.