‘ड्रॉवर ओढला की झालं’ हे अर्धंच खरं

अमिगा, रिस्क ओएस, हायकू अशा जुन्या किंवा आडवाटेच्या संगणक-प्रणाली वापरणाऱ्या हौशी मंडळींत एक दावा सतत ऐकू येतो: आपल्याकडे सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे अर्काइव्ह (दाबून बांधलेलं फाइलींचं गाठोडं) उघडायचं, ड्रॉवर (अमिगावर फोल्डरला हेच म्हणतात) हार्ड डिस्कवर ओढायचा, संपलं. पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली आणून बसवणारा आणि त्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, हे लिनक्सवाल्यांचं खूळ, ते इथे नको. या साधेपणावर माझाही जीव आहे. पण दाव्यातला एकेक मुद्दा तपासला की तो लंगडा पडतो.

‘अमिगावर ड्रॉवर ओढला की प्रोग्राम चालतो.’ स्वयंपूर्ण असेल तर चालतो. आता एमयूआयवर, म्हणजे खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या वेगळ्या संचावर, बेतलेला प्रोग्राम घ्या. ॲमिनेट या अमिगाच्या सॉफ्टवेअर-साठ्यावरच्या त्याच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) ‘रिक्वायर्स’ अशी एक ओळ असते आणि त्या ओळीत काय काय लागेल ते लिहिलेलं असतं. ते वाचायचं तुम्ही, शोधायचं तुम्ही. त्यातली एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती फाइल) दुसऱ्याच अर्काइव्हमध्ये निघते, त्याचा रीडमी पुन्हा वेगळा. ‘लिब्ज’ या लायब्रऱ्यांच्या फोल्डरमध्ये कॉपी करताना नव्या व्हर्जनवर जुनं पडलं, तर कालपर्यंत नीट चालणारा दुसराच प्रोग्राम आज उघडत नाही, कारण तो किमान अमुक व्हर्जन मागतो. आणि बरोबर फाइल टाकली तरी जुनी लायब्ररी मेमरीत बसलेली असू शकते. शेलमध्ये ‘अव्हेल फ्लश’ द्या किंवा मशीन रीस्टार्ट करा, तोवर नवी फाइल असून नसल्यासारखी. जुन्या जाणत्यांना हे हाताच्या सवयीने जमतं. नवा माणूस मात्र अर्काइव्हच खराब आहे असं समजून तिथेच नाद सोडतो, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. काम नाहीसं झालेलं नसतं, ते माणसाच्या डोक्यावर टाकलेलं असतं.

‘मूळ निर्मात्यांना असल्या गोष्टींची गरज वाटली नाही.’ हे तर साफ चूक. अमिगा बनवणाऱ्या कमोडोरने स्वतःचा इन्स्टॉलर दिला होता. त्याच्या, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या वळणाच्या, स्क्रिप्टमध्ये लायब्ररी कॉपी करण्याची खास आज्ञा होती, ती आधी दोन्ही व्हर्जन ताडून बघायची. फाइलीच्या पोटात व्हर्जनची ओळ ठेवायची रीतही त्याच काळातली. रिस्क ओएस बनवणाऱ्या ॲकॉर्नकडे ‘आरएमएन्शुअर’ ही आज्ञा होती: ॲप्लिकेशन सुरू होताना हवं ते मॉड्यूल (सिस्टिमला जोडला जाणारा सामायिक भाग) पुरेसं नवं आहे का, हे तपासायला. म्हणजे दुखणं त्यांना ठाऊक होतं. कुठली फाइल कोणी टाकली याची कायमची नोंद ठेवायची तेवढी राहून गेली. त्यामुळे अमिगावर आजही काही काढून टाकायचं तर ‘लिब्ज’मधलं काय उडवलेलं चालेल, हा अंदाजाचाच मामला असतो.

‘रिस्क ओएसवर फोल्डर म्हणजेच ॲप्लिकेशन.’ खरंय, आणि याहून देखणी रचना मला तरी माहीत नाही. उद्गारचिन्हाने सुरू होणारी डिरेक्टरी, आयकॉनपासून कोडपर्यंत सगळं आत, हवी तिथे हलवा. पण सामायिक मॉड्यूल्स ‘!सिस्टिम’मध्ये राहतात, म्हणजे त्या डिरेक्टरीबाहेर. पॅकमॅन हा रिस्क ओएसचा पॅकेज मॅनेजर नेमकं तेच सांभाळतो आणि ॲप्लिकेशन डिरेक्टरीच्या रूपातच ठेवतो.

‘पॅकेज मॅनेजर जुन्या मशीनला झेपत नाही.’ फ्रीडॉस या डॉसच्या मोफत अवताराची पॅकेजेस साध्या झिप फाइली आहेत. ती बसवणारा ‘एफडीइन्स्ट’ ८०८६ या अगदी जुन्या प्रोसेसरवरसुद्धा चालतो. ५१२ केबीच्या अमिगा ५०० वर फ्लॉपीवरून गेम खेळणाऱ्याला यातलं काहीच नको, हे मान्य. पण तिथे इन्स्टॉल करण्याचा प्रश्नच येत नाही.

‘मॅनेजर फाइली सगळीकडे पसरवतो.’ हायकू बघा. २०१३ पासून तिथे एक पॅकेज म्हणजे एक फाइल. ती ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली की फाइल सिस्टिम तिच्यातला मजकूर आहे त्या जागी, फक्त वाचण्यापुरता दाखवते. फाइल काढली की प्रोग्राम गेला. अपडेट बिघडलं तर बूट मेनूतून आधीची अवस्था निवडता येते. ड्रॉवर ओढण्यापेक्षा हे कमी साधं कसं?

‘सर्व्हर बंद पडला की सगळं बुडालं.’ या एका आक्षेपात दम आहे. हौशी प्रकल्प एकदोन माणसांच्या खांद्यावर चालतात आणि ती माणसं थकतात. म्हणून पॅकेज हाताने उघडता आलंच पाहिजे, जसं फ्रीडॉसचं कुठल्याही अनझिपने उघडतं. आणि अख्ख्या साठ्याची प्रत लोकांच्या घरी असली पाहिजे. ॲमिनेटच्या सीडी निघत होत्या तेव्हा अशा प्रती घरोघरी होत्याच. आज तोच साठा, पॅकेजच्या नोंदींसकट, एका मेमरी कार्डावर देणं अजिबात अवघड नाही.