तुमचं पोस्टर स्वीकारण्यात येत आहे

बायोमटेरियल्स, बायोमेडिसिन आणि स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स अशी तिन्हींची मिळून एकच आंतरराष्ट्रीय परिषद का भरवतात असं विचारलं तर आयोजक सांगतात की हे विषय एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते खोटं नाहीये, म्हणजे गुडघा झिजतो कसा ते बायोमेकॅनिक्सवाले सांगणार, त्यात काय बसवायचं ते मटेरियलवाले सांगणार आणि बसवल्यावर पेशंट अजून का कण्हतोय ते डॉक्टर सांगणार. आतलं कारण वेगळं. एकेका विषयाने हॉल भरत नाही.

आत पाऊल टाकल्या टाकल्या कोण कुठल्या गोत्रातलं ते कळतं. मटेरियलवाल्यांना उन्हाची सवय नसते आणि मायक्रॉनपेक्षा मोठ्या गोष्टीबद्दल त्यांना बोलता येत नाही. डॉक्टर उशिरा येतात, फोनवर बोलत बोलत येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि त्यांचा प्रश्न एकच असतो, "हे पेशंटमध्ये कधी?" उत्तरात "अजून दहा वर्षं" आलं की परत फोन. तिसरे स्पोर्ट्सवाले. हे सगळे काटक, सुटाखाली पळायचे बूट, आणि यांच्यापासून जरा जपून राहावं लागतं कारण हे लोक तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, चालण्याकडे बघतात. रजिस्ट्रेशनच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी, ओळख ना पाळख, मला सांगितलं की मॅडम तुमच्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलीय, आणि डाव्या पायावर भार टाकलात की उजवीकडे कंबर खाली जाते, डावा ग्लुटियस मीडियस, म्हणजे कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू, वीक आहे. नमस्कार त्यानंतर केला. पुढे अख्ख्या परिषदेत मी भिंतीच्या कडेकडेने फिरले.

मी मटेरियलवाली. सांध्यातल्या कूर्चेची जागा घेईल असं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा मऊ पदार्थ, बनवते, म्हणजे बनवायचा प्रयत्न करते, म्हणजे सध्या ते बशीत छान टिकतं. अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, पाठवताना ओरल प्रेझेंटेशनच्या, म्हणजे व्यासपीठावरून बोलायच्या, चौकोनात टिक केली होती, तर मेल आला की तुमचं काम पोस्टर म्हणून स्वीकारताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे. म्हणजे काम एका मोठ्या कागदावर छापून बोर्डाला चिकटवायचं आणि शेजारी उभं राहायचं. आनंद त्यांना होत होता. आमचे सर म्हणाले, "अगं, पोस्टरच चांगलं. ओरलमध्ये लोक नुसते ऐकतात, पोस्टरला डिस्कशन होतं." सरांना स्वतःला ओरल मिळालं होतं.

पोस्टर ए-झिरो साईझचं. ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. हा आकडा ज्याने ठरवला त्याने तो कागद घेऊन कधी प्रवास केलेला नाही हे मी लिहून देते. नळीत गुंडाळलं की ती नळी धड काखेत बसत नाही, धड हातात मावत नाही, मागे वळलं की कुणाला तरी लागते, आणि सामान तपासणाऱ्या माणसाला आत काय आहे ते सांगताना "कृत्रिम कूर्चा" म्हटल्यावर त्याने मला बाजूला उभं केलं. तशात एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्यावर परिषदेने दिलेली पिशवी, जिच्यात एक पेन, एक कोरी वही आणि जगातल्या यच्चयावत मायक्रोस्कोपांची माहितीपत्रकं. मणक्यावर असमान भार पडला की काय होतं या विषयाचं सेशन दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती.

कीनोट, म्हणजे परिषदेचं मुख्य व्याख्यान, मात्र सुंदर झालं, ते सांगितलंच पाहिजे. व्याख्यात्या मॅडम बऱ्याच ज्येष्ठ, आवाज खणखणीत, आणि स्लाईडवर ग्राफ जवळजवळ नाहीच, नुसत्या गोष्टी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या अॅक्रिलिकचे तुकडे घुसायचे, आणि हॅरोल्ड रिडली नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की काचेचा तुकडा घुसला तर डोळा लालेलाल होतो पण हे प्लास्टिक तिथे बिनतक्रार पडून राहतं, म्हणून १९४९ साली त्यांनी लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स मोतीबिंदूच्या पेशंटच्या डोळ्यात बसवली. पुढे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क. १९५२ च्या सुमारास ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून आतलं रक्त कसं वाहतं ते बघत होते, प्रयोग संपल्यावर महागाची डबी परत काढायला गेले तर निघेचना, हाड तिला धरूनच बसलेलं. आज लोकांच्या तोंडात स्क्रूवर दात बसवतात त्याचं मूळ या न निघालेल्या डबीत आहे. आणि माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले, ज्यांनी १९६१ च्या नाताळात घरी बसून, मुलांच्या खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून हायड्रोजेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतायचं यंत्र बनवलं.

हे ऐकताना माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला तो शिरलाच. विमानाचं छत, सशाचा पाय, नाताळची सुट्टी. यातलं एकही परिषदेच्या हॉलमध्ये झालेलं नाही! मग आपण इतकी माणसं इथे गळ्यात बॅज अडकवून काय करतोय?

उत्तर शोधायला वेळ नव्हता कारण पुढे पॅरलल सेशन होती. पॅरलल सेशन म्हणजे तुम्हाला ऐकायची असलेली दोन व्याख्यानं एकाच वेळी, एक तळमजल्याच्या पूर्व टोकाला आणि दुसरं तिसऱ्या मजल्याच्या पश्चिम टोकाला. त्यामुळे सगळे पळत असतात. पळताना दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर उलटा पायावर येतो, हे ज्या सेशनमध्ये सांगितलं तिथे मी पळतच पोचले होते, सामानासकट, तेव्हा माझे आकडे वेगळे धरावेत. खुर्च्या अशा की टेकलं तर झोप लागते आणि पुढे वाकून बसलं तर कंबर धरते. व्यासपीठावर एक जण पोटतिडकीने सांगत होता की पुढे झुकून बसलं की कमरेच्या चकत्यांवरचा दाब वाढतो, आणि अख्खं सभागृह पुढे झुकून ते वहीत लिहून घेत होतं.

तरी स्पोर्ट्सवाल्यांची व्याख्यानंच मला सगळ्यात आवडली, कारण त्यांच्याकडे व्हिडिओ असतात. आमच्याकडे काय, राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी पेशी. एकाने डिक फॉस्बरीची उडी फ्रेम फ्रेम करून दाखवली, १९६८, मेक्सिको ऑलिंपिक, २.२४ मीटर आणि सुवर्णपदक. हा माणूस पाठीवरून आडव्या दांडीपलीकडे जायचा, आधी डोकं, मग खांदे, मग कंबर, शेवटी पाय, एकेक भाग दांडीवरून जात असताना बाकीचं अंग खाली लोंबतं, म्हणून शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊनही माणूस वरून जाऊ शकतो. मी तोंड उघडं टाकून बघत होते. तेवढ्यात माझ्या रांगेतले एक डॉक्टर वाजणारा फोन मुठीत दाबून प्रोजेक्टरच्या झोताखालून असे काही वाकून सटकले की गुरुत्वमध्य म्हणजे नक्की काय ते त्या क्षणी कळलं.

चेअरपर्सनबद्दल थोडं. घंटी वाजवायचं काम असतं पण वाजवत नाहीत, कारण बोलणारा त्यांचा जुना विद्यार्थी असतो. मग शेवटच्या वक्त्याला म्हणतात, तुमच्याकडे चार मिनिटं आहेत, निष्कर्षावर या. शेवटचे वक्ते आमचे सर होते. (मला अजिबात आनंद झाला नाही.)

मग चहा. चहाच्या टेबलाभोवती काय घडतं ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. कुठलीही परकी वस्तू रक्ताच्या संपर्कात आली की काही सेकंदात तिच्यावर प्रथिनं येऊन चिकटतात, आधी येतात ती संख्येने जास्त असलेली आणि चपळ, अल्ब्युमिनसारखी, पण नंतर जरा जडशीळ पण घट्ट चिकटणारी प्रथिनं सावकाश येतात आणि आधीच्यांना ढकलून जागा पटकावतात. लिओ व्रोमन यांच्या नावाने याला व्रोमन इफेक्ट म्हणतात, आणि हे व्रोमन डच भाषेतले नावाजलेले कवीही होते. तर सेशन सुटल्यावर आम्ही पीएचडीवाले पोरंपोरी धावत टेबलाशी पोचतो, कप हातात येतो न येतो तोच प्रोफेसर मंडळी सावकाश येतात, आणि कुणीही कुणाला धक्का न मारता आम्ही टेबलापासून दूर कधी गेलेलो असतो ते कळत नाही. एकदा चिकटलेला प्रोफेसर मात्र सुटत नाही. बिस्किटं संपेपर्यंत तर नाहीच.

आणि आता पोस्टर सेशन. माझा बोर्ड एका जाड खांबाच्या मागे होता. बोर्डावर टाचण्या लावायला बंदी, दुहेरी टेप आणायची सूचना ज्या मेलमध्ये होती तो सरांना गेलेला. नळीत राहून राहून पोस्टरला गुंडाळायची इतकी सवय झालेली की वरचे कोपरे चिकटवले की खालून वर यायचं आणि निष्कर्ष झाकून टाकायचं. खालचे चिकटवले की वरून माझं नाव जायचं. शेवटी मी नावावर पाणी सोडलं.

पण खांबाला एक चार्जिंगचा पॉइंट होता. अख्ख्या दालनात तेवढा एकच चालू. त्यामुळे झालं काय की ज्या पोस्टरांना बक्षीसं मिळाली त्यांच्यापुढे नव्हती एवढी गर्दी माझ्यापुढे, आणि तीही हलू न शकणारी, कारण वायर आखूड. माणसं फोन लावायची आणि तिथेच मान खाली घालून उभी राहायची. २०१४ साली एका मणक्याच्या सर्जनने गणित मांडलं होतं की ताठ मानेवर डोक्याचा भार साडेचार ते साडेपाच किलो असतो आणि मान ६० अंश खाली वाकवली की तोच मानेला २७ किलोच्या आसपास पडतो. त्या हिशेबाने माझ्या पोस्टरपुढे काही क्विंटल विद्वत्ता लटकलेली होती. मी संधी सोडली नाही. चार्ज पाच टक्के असेल त्याला पूर्ण प्रस्तावना, वीस टक्के असेल त्याला थेट रिझल्ट्स.

प्रश्न आले, नाही असं नाही. "बॅटरी कितीला फुल होते इथे?" हा मुख्य. एका गृहस्थांनी एरर बारकडे, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते सांगणाऱ्या ग्राफवरच्या रेघांकडे, बोट दाखवून "हे एवढे मोठे का?" असं विचारलं, त्यांना मी दुसऱ्या बोर्डाकडे पाठवलं. मग एक डॉक्टर आले, पोस्टर वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "इन व्हिव्हो डेटा कुठाय?" म्हणजे जिवंत शरीरात घालून बघितलंय का. आता कृत्रिम खुब्याचे जनक जॉन चार्नली, यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या पेशंटांमध्ये भराभर झिजल्या तेव्हा त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीनचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते, शरीर काय म्हणतं ते बघायला. १९६२ पासून ते पॉलिइथिलीन वापरायला लागले. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, तसं करायची माझी तयारी आहे, एथिक्स कमिटीची नाही." ते हसले नाहीत. त्यांचा फोन वाजला.

परीक्षक कधी आले आणि कधी गेले ते मला कळलं नाही. खांबाच्या पलीकडून गेले असं शेजारच्या बोर्डावरची मुलगी म्हणाली. तिला बक्षीस मिळालं, तिच्याकडे कात्री आणि टेप दोन्ही होतं. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं, माझ्या सर्टिफिकेटवर नाव बरोबर आणि पोस्टरचा विषय भलत्याचाच, स्प्रिंटर्सच्या हॅमस्ट्रिंगविषयीचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा. आता माझ्या बायोडेटामध्ये हॅमस्ट्रिंग आहे. सर म्हणाले, "असू दे, इंटरडिसिप्लिनरी दिसतं."

हॉटेलकडे परतायच्या बसची वाट बघताना त्यांनी, मला बरं वाटावं म्हणून असेल, लॅरी हेंचची गोष्ट सांगितली. १९६७ मध्ये हा काचेवर काम करणारा माणूस अमेरिकेत एका परिषदेला बसने चालला होता, शेजारी व्हिएतनामहून नुकता परतलेला एक कर्नल बसला, आणि त्याने विचारलं की शरीर जे धातू आणि प्लास्टिक नाकारतं त्याच्याऐवजी शरीरात टिकेल असं काही तुम्ही लोक बनवू शकत नाही का. दोन वर्षांत हेंचने हाडाला घट्ट चिकटणारी काच बनवली, बायोग्लास. तिचीच भुकटी आता दात शिवशिवणाऱ्यांच्या टूथपेस्टमध्येही घालतात. म्हणजे परिषदेचं सगळं चीज बसमध्येच झालं! मला एकदम हुरूप आला. बस आली तशी मी नळी परजून आत घुसले आणि सीट निवडायला लागले, हे महत्त्वाचं होतं, इतिहास शेजारच्या सीटवर बसतो. कीनोटवाल्या मॅडमच्या शेजारची जागा रिकामी होती. मी जाऊन बसले.

मॅडम पहिल्या वळणाला झोपल्या आणि दुसऱ्या वळणाला त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. साडेचार ते साडेपाच किलो, वर लिहिलंच आहे. आमचं हॉटेल सगळ्यात शेवटी. सर पुढच्या सीटवरून वळून वळून डोळ्यांनी खुणा करत होते, बोल, बोल, आणि मी खांदा न हलवता डोळ्यांनीच विचारत होते, कुणाशी?

शेवटच्या सिग्नलला ब्रेक लागला आणि त्या जाग्या झाल्या. सॉरी म्हणाल्या, चष्मा सारखा केला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "तू कशावर काम करतेस गं?" मी सगळं सांगितलं. कूर्चा, हायड्रोजेल, घर्षण, बशीतली टिकाऊपणाची चाचणी, एरर बार वगळून सगळं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मधेच माझ्या नळीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे ते खांबामागचं पोस्टर तुझं? अगं, मी येऊन गेले तिथे दुपारी!"

माझा श्वासच अडकला. "हो, मॅडम?"

"हो तर. माझा चार्जर तिथेच राहिलाय का गं?"