चरबी ती चरबी? मग भिरंडेल बघा

‘उंदरांवर सिद्ध झालंय’ असं म्हणत एक मेसेज आमच्या वेंगुर्ल्याच्या भावकीच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं: चरबी सगळी एकच, पोटावरची काय नि मांडीवरची काय, बाई-पुरुष असा फरक नाही, रोज सकाळी कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, प्या, सगळीकडची सारखीच वितळेल.

चरबी सगळी एकच? मावशीच्या फडताळात पौषातल्या सकाळी खोबरेल थिजलेलं असतं, आणि टाचांना लावायचा भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा मे महिन्यातही घट्टच राहतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. भिरंडेलात स्टिअरिक आम्ल जास्त, म्हणून त्याला ४० च्या जवळपास ऊब लागते. दोन्ही स्निग्धच, पण आतली मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्यांची बनते ती आम्लं, निराळी. उंदराच्या अंगातही हेच. साठलेला बहुतेक माल ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साठवणीच्या नेहमीच्या चरबीचा, पण सोबत फॉस्फोलिपिडं, सेरामाइडं असे निराळे स्निग्ध पदार्थही असतात आणि त्यांचं प्रमाण जागेनुसार बदलतं. खांद्यांमधल्या तपकिरी चरबीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, ठासून भरलेले, म्हणून त्यांच्यात असणारं कार्डिओलिपिन नावाचं स्निग्ध तिथे भरपूर. पांढरीत अगदी थोडं. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं थेट यकृताकडे जातात, जांघेत कातडीखाली असलेल्या चरबीची जात नाहीत. शिवाय उंदीर लठ्ठ झाला की त्याने काय खाल्लं याची खूण चरबीत उतरते, कारण लिनोलिक आम्लासारखी काही मेदाम्लं त्याला स्वतः बनवताच येत नाहीत.

नर-मादी फरक नाही म्हणे. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काळ्या उंदरांना ६० टक्के उष्मांक चरबीतून मिळतील असा खुराक दिला, तर नर भराभर फुगतात आणि इन्सुलिनला दाद देईनासे होतात. माद्या बराच तग धरतात. अंडाशय काढले की मात्र त्यांचं हे कवच जातं. आणि वर्षानुवर्षं असे प्रयोग बहुतेक नरांवरच होत आले.

उंदरावरून माणसावर उडी मारणंही सोपं नाही. नर उंदराच्या वृषणांलगत चरबीची मोठी गादी असते, तीच काढून तपासायची जुनी सवय. माणसात तिला जोडच नाही. त्यात पिंजऱ्यांची खोली २२ अंशांवर. उंदराला सोयीचं तापमान ३० च्या घरातलं, म्हणजे बिचारा ऊब राखायलाच चरबी जाळतो. आमच्या पडवीत निवांत राहिला असता!

आता आगळ. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं हे खरं. ते नवी चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं. आहे ती वितळवत नाही. १९९८ मध्ये याच आम्लाची माणसांवर १२ आठवडे चाचणी झाली. खोट्या गोळीपेक्षा वजन जास्त उतरलं नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र गाळलीय: आगळात मीठ असतं, चांगलं मूठमूठभर. ज्या काकांनी तो पाठवला, त्यांना बीपीची गोळी चालू आहे.