नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही

मोठेपणी नाताळ जवळ आला की आनंद होतो आणि छातीवर दडपणही येतं. दोन्ही एकाच वेळी वाटलं म्हणजे श्रद्धा कमी झाली, असं मुळीच नाही. लहानपणी आपोआप घडणारा नाताळ कुणीतरी राबून घडवत होतं आणि आता ते राबणं आपल्याकडे आलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पण या थकव्यातला निम्मा भाग आपण स्वतः ओढवून घेतो, असं माझं ठाम मत आहे. चर्चच्या पंचांगात २४ तारखेपर्यंतचा डिसेंबर नाताळचा नसतोच. तो आगमनकाळ, म्हणजे येशूच्या जन्माची वाट पाहण्याचा, चार रविवारांचा. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. वस्त्रं जांभळी, दर रविवारी एकच मेणबत्ती जास्त पेटवायची. नाताळ सुरू होतो २४च्या संध्याकाळी आणि परंपरेने बारा दिवस, म्हणजे ५ जानेवारीपर्यंत चालतो. ६ला प्रभुप्रकटनाचा सण, तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याची आठवण. आपण मात्र महिनाभर आधीच गाणी, पार्ट्या, खरेदी उरकतो, २५च्या दुपारी जेवून आडवे होतो आणि २६ला सगळं उतरवायला घेतो. त्या दिवशी जे रितेपण येतं, ते यायलाच हवं. सण ऐन भरात असताना आपण तो बंद केलेला असतो.

म्हणून २५च्या सकाळसाठी जे लागत नाही ते सरळ पुढे ढकला. मित्रांची, सहकाऱ्यांची जेवणं २७ नंतर ठेवा. शुभेच्छांचे फोन रोज दोन केले तरी बारा दिवसांत चोवीस माणसांशी नीट बोलणं होतं, आणि २५ला सगळ्यांना एकच मेसेज ढकलावा लागत नाही.

याला अपवाद केकचा. तो उलट लवकर करायचा. आठ इंची भांड्याला साधारण एक किलो सुका मेवा, आणि मैदा, लोणी, साखर प्रत्येकी पाव किलो. मेवा किमान रात्रभर रममध्ये किंवा फळांच्या रसात भिजवायचा. रमचा केक तीन-चार आठवडे आधी करून, घट्ट गुंडाळून, आठवड्याला दोन चमचे रम पाजत ठेवला तर चव मुरते. रसातला इतका टिकत नाही, तो आदल्या दोन-तीन दिवसांतच करा. मेवा तळाशी बसतो तो मिश्रण सैल झाल्यामुळे किंवा मेवा न निथळता घातल्यामुळे. केक वरून फुटतो आणि आत कच्चा राहतो, कारण ओव्हन जास्त तापलेला असतो: वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं मिश्रण फुगून तो फोडतं. १५० अंशांवर तीन-साडेतीन तास, भांड्याला आतून दुहेरी कागद, आणि घाई नको.

आता कामाच्या वाटणीबद्दल, कारण घरातली खरी भांडणं इथेच होतात. "काय आणायचं ते सांग, मी आणतो" ही वाटणी नव्हे. आठवण ठेवण्याचं काम त्याच एका डोक्यात राहतं, आणि तेच सर्वांत दमवणारं असतं. काम द्यायचं तर अख्खं द्या. मुलांच्या भेटवस्तू ज्याच्याकडे, त्यानेच मापं विचारायची, विकत आणायचं, लपवायचं, बांधायचं, बदलून घ्यावं लागलं तर पावतीही त्यानेच सांभाळायची. निवड तुमच्या मनासारखी झाली नाही तरी हात घालायचा नाही. हात घातलात की पुढच्या वर्षी ते काम परत तुमच्याकडे.

मोठ्यांनी आपसातल्या भेटवस्तूंसाठी नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, ज्याचं नाव निघेल त्यालाच द्यायचं. सहा जणांनी प्रत्येकाला काही द्यायचं म्हटलं तर तीस वस्तू होतात, चिठ्ठ्यांनी सहा. रकमेची मर्यादा आधी ठरवा, नाहीतर कमी देणाऱ्याला त्या दिवशी अवघडल्यासारखं होतं. चिठ्ठ्या नोव्हेंबरातच उचला.

घरात गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडत असाल तर बाळ येशूची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत त्यात ठेवू नका, आणि तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवा. ६ जानेवारीला ते पोहोचले पाहिजेत. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हापासून ही प्रथा रुजत गेली. घरात मुलं असली की नाताळ लांबवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

सर्वांत अवघड असतो घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ. तेव्हा काहीही ऐनवेळेवर सोडू नका. ते जे काम करायचे, नाताळचा तारा टांगणं असो की जेवणाआधीची प्रार्थना, ते यंदा कोण करणार आणि त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, हे आठवडाभर आधी बोलून घ्या. प्रार्थनेत सुरुवातीलाच त्यांचं नाव घ्या. ते टाळलं तर प्रत्येक जण जेवणभर स्वतःला आवरत राहतो आणि शेवटी मिठावरून वाद होतो. कुणाला फक्त मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचं असेल आणि पंगतीला बसायचं नसेल, तर तसंच होऊ द्या, कारण विचारू नका. काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास शोकात असलेल्यांसाठी वेगळी उपासना होते. तुमच्या चर्चमध्ये नसेल तर आगमनकाळ सुरू होण्याआधीच धर्मगुरूंना विचारा. नंतर त्यांच्याही हातात वेळ उरत नाही.