‘नाटकवाल्यांना पोसणारी महापालिका’: एका फॉरवर्डचा हिशेब

नाट्यगृहाची भाडेवाढ, दुरुस्ती किंवा पुनर्विकास यांपैकी काहीही बातमीत आले, की पुण्यात एक मजकूर हटकून मोबाइलवर येऊन पडतो. शब्द बदलतात, सार तेच राहते: ‘रंगमंच चालवणे हे महापालिकेचे कामच नव्हे. आपल्या घरपट्टीतून नाटकवाल्यांना अनुदाने मिळतात. नाट्यगृहे तोट्यात आहेत, तेव्हा भाडे बाजारभावाने घ्या. जमत नसेल तर खासगी कंपनीला द्या. नाहीतर पाडून चकाचक नवे बांधा.’ यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच तो मजकूर इतका फिरतो.

‘हे महापालिकेचे कामच नव्हे’

हा मुद्दा कायदा उघडला की संपतो. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तीत नागरी संस्थांकडे सोपवायचे 18 विषय आहेत आणि तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 63 मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत, कलम 66 मध्ये ऐच्छिक. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा लागू आहे, पण त्यातही हीच विभागणी आहे. कला आणि करमणुकीच्या सोयी ऐच्छिक बाजूला पडतात, हे खरे. मात्र ऐच्छिक म्हणजे बेकायदा नव्हे. आणि एकदा इमारत बांधली की तिची वीज, तिची स्वच्छतागृहे आणि तिथली आगीपासूनची सुरक्षा यांत ऐच्छिक काहीच उरत नाही.

‘आपल्या घरपट्टीतून अनुदाने मिळतात’

इथे तीन सरकारांची पाकिटे एकाच खिशात कोंबली आहेत. हौशी राज्य नाट्य स्पर्धा राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय घेते. व्यावसायिक नाटकांना निर्मितीसाठी मिळणारे अनुदान राज्याचे. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांचे महिना 5,000 रुपयांचे मानधनही राज्याचेच. रेपर्टरी अनुदान (कायम कलाकारसंच बाळगणाऱ्या नाट्यसंस्थांसाठीचे) केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाकडून येते. यांपैकी कशाचाही तुमच्या घरपट्टीच्या बिलाशी संबंध नाही.

मिरवण्याच्या गोष्टींचेही तसेच. सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवते. महाविद्यालयांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक घेते. भरत नाट्य मंदिरही महापालिकेचे नाही. मुंबईत रवींद्र नाट्य मंदिर राज्य सरकारचे आहे, माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर नाट्य परिषदेचे आणि दादरचे शिवाजी मंदिर एका न्यासाचे. दीनानाथ मंगेशकर, प्रबोधनकार ठाकरे आणि कालिदास ही मात्र मुंबई महापालिकेची.

मग महापालिका देते काय? थोडे पुरस्कार (पुण्यात बालगंधर्वांच्या आणि पठ्ठे बापूरावांच्या नावाने), थोडे महोत्सव, आणि मुख्यतः जागा. बालगंधर्व रंगमंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, स्वारगेटचा गणेश कला क्रीडा मंच, पद्मावतीचे अण्णाभाऊ साठे सभागृह, घोले रस्त्यावरचे राजा रवी वर्मा कलादालन. निर्मात्याच्या हातात महापालिकेचा धनादेश पडत नाही. उलट तोच अनामत आणि भाडे आगाऊ भरून तारीख घेतो. सवलत असलीच तर ती भाड्याच्या दरात असते.

महोत्सवांबाबत मात्र तक्रार करायला जागा आहे. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून (प्रभागातल्या कामांसाठी त्यांना मिळणाऱ्या तरतुदीतून) किंवा वर्षअखेरीच्या वर्गीकरणातून (एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवून) प्रभागात होणारे कार्यक्रम कलेसाठी किती आणि मांडव, ध्वनिक्षेपक व फ्लेक्ससाठी किती, हे बिले उघडल्याशिवाय कळत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तिथे बोट ठेवले असते तर आम्ही पाठ थोपटली असती.

आकाराचेही भान हवे. पुणे महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटींचे होते. त्यात 1 कोटी रुपये म्हणजे हजार रुपयांमागे आठ पैसे. कोणी ‘कोट्यवधींची उधळण’ म्हणाला, की किती कोटी, कोणत्या लेखाशीर्षाखाली, असे विचारून हा गुणाकार करावा.

‘नाट्यगृहे तोट्यात, म्हणून भाडे बाजारभावाने घ्या’

आधी तोटा कसा मोजला जातो ते पाहू. नाट्यगृहाचे भाडे महापालिकेच्या सर्वसाधारण महसुलात जमा होते, त्या नाट्यगृहाच्या खात्यात राहत नाही. खर्च मात्र चार ठिकाणी विखुरलेला असतो: कर्मचारी एका खात्याकडे, वातानुकूलन आणि दिवे विद्युत विभागाकडे, गळती व रंगरंगोटी भवन विभागाकडे, साफसफाई ठेकेदाराकडे. एका इमारतीचा जमाखर्च एका पानावर आलेला क्वचितच दिसतो. त्यामुळे ‘तोटा इतका’ असे ठामपणे सांगणाऱ्याने तो कुठून आणला, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, बागेचा तोटा कोणी काढतो का? पीएमपीच्या संचलन तुटीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड 60:40 ने भर घालतात, आणि बसने जाणाऱ्याला कोणी फुकट्या म्हणत नाही.

खरी गळती दरात नाही, वेळापत्रकात आहे. दिवसाची तीन सत्रे धरली (पुण्यात साधारण साडेबारा, साडेपाच, साडेनऊ) तर वर्षाला 1,095 सत्रे होतात. आठवड्यातून एक दिवस देखभालीला सोडला तरी 939 उरतात. पण नाटकाचा प्रेक्षक येतो शनिवार-रविवारी, आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी वर्षाला फक्त 104. सगळ्यांची झुंबड त्या 104 वर आणि मंगळवारी दुपारी मांजरे फिरतात. म्हणून ‘तारखा मिळत नाहीत’ आणि ‘नाट्यगृह ओस पडते’ या दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात ऐकू येतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. सरसकट भाडेवाढ केली तर शनिवार भरलेलाच राहतो आणि मंगळवार आणखी ओस पडतो. मंगळवारची दुपार रंगीत तालमीला, एकांकिकांना, नृत्यवर्गांना नाममात्र दराने दिली तर निदान वीजबिल तरी निघते.

त्यात घेतलेल्या तारखा परस्पर दुसऱ्याला देण्याचा जुना रोग आहे. काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटल्या जातात. कोणी गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवतो आणि प्रयोग जवळ आला की वरचे पैसे घेऊन सोडतो. ते वरचे पैसे महापालिकेला मिळत नाहीत, कलावंतालाही नाहीत. यावर उपाय महाग नाही. अर्जात नाटकाचे नाव आणि परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाच्या) प्रमाणपत्राचा क्रमांक सक्तीचा करायचा. नाव बदलले की तारीख रद्द. रद्द झालेली तारीख प्रतीक्षायादीतल्या पुढच्या संस्थेला त्याच दिवशी द्यायची, आणि यादी सूचना फलकावर लावायची. हे होत नाही, कारण रद्द तारखेचा निर्णय व्यवस्थापकाच्या टेबलावर होतो आणि त्या टेबलावर फोन येतात. शिवाय सरकारी कार्यक्रम, निवडणूक कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कोणाचा तरी सत्कार यांसाठी ऐनवेळी तारखा काढून घेतल्या जातात ते वेगळेच. आगाऊ जाहिरात केलेल्या निर्मात्याला भाडे परत मिळते. जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत.

आता बाजारभावाचे गणित. आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत बघा. 900 खुर्च्या, 60 टक्के भरल्या म्हणजे 540 प्रेक्षक. भाडे 15,000 वरून 50,000 केले तर वाढ 35,000, म्हणजे तिकिटामागे सुमारे 65 रुपये. 300 चे तिकीट 365 होईल. कुरकुर होईल, पण चालून जाईल. पुढच्या रांगांचे 450 चे तिकीट मात्र 515 होईल, आणि इथे पाय घसरतो. नाटकाच्या तिकिटाला 500 रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. त्यावर गेले की पूर्ण रकमेवर 18 टक्के. म्हणजे 515 चे 608. महापालिकेने 65 मागितले आणि प्रेक्षकाने 158 भरले, त्यातले 93 दुसरीकडेच गेले. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या संस्थेला नोंदणी लागत नाही, पण 540 प्रेक्षक आणि सरासरी 300 धरले तर ही मर्यादा तेराव्या प्रयोगाला ओलांडली जाते.

‘नाटकवाले कर भरत नाहीत’ हेही याच दमात म्हटले जाते. ते भरतात, फक्त दिसत नाही. नाट्यगृहाच्या भाड्यावर 18 टक्के लागतात. तिकीट करमुक्त असले की भरलेला हा कर वळता करून घेता येत नाही, तो खर्चातच जातो. कलाकारांची नाईट (प्रयोगामागचे मानधन), पडद्यामागचे कामगार, नेपथ्याचा टेम्पो, जाहिरात आणि बुकिंगचे कमिशन गेल्यावर जे उरते त्यातून.

‘खासगी कंपनीला द्या, सगळे सुधारेल’

सुधारू शकते. पण ‘द्या’ या शब्दात काय भरले आहे, ते आधी ठरवावे लागते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे महापालिकेची जागा भाडेपट्ट्याने द्यायची तर मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी ठेवता येत नाही, हा सामान्य नियम. चालक तेवढे भाडे भरणार, तर ते तो वसूल कुठून करणार? शनिवारी संध्याकाळी नाटकापेक्षा कंपनीची वार्षिक सभा किंवा उत्पादनाचा समारंभ जास्त पैसे देतो. करारात काही लिहिले नसेल तर वर्षभरात 104 पैकी निम्म्या संध्याकाळी नाटकाच्या हातून जातात. आणि त्यात चालकाचे काही चुकले असेही म्हणता येत नाही.

खासगी मालकीत टिकाव लागतोच असेही नाही. परळचे दामोदर नाट्यगृह महापालिकेचे नव्हते. 2023 च्या नोव्हेंबरात ते पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा रंगकर्मींना आंदोलन करण्यापलीकडे फारसे काही हातात नव्हते. महापालिकेच्या नाट्यगृहाबाबत निदान सभेत प्रश्न विचारता येतो.

चांगला नमुना हवा असेल तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. 1872 मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय मुंबई महापालिकेचे आहे. 2003 मध्ये महापालिका, वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी महापालिकेकडे राहिली, जीर्णोद्धाराला बाहेरचे तज्ज्ञ आणि पैसा आला. त्या कामाला 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. तिथे कोणी नफा काढायला आले नव्हते, हा त्यातला कळीचा भाग. नाट्यगृहाला असेच काही करायचे तर करारात चार गोष्टी आकड्यांत हव्यात: शनिवार-रविवारची किती सत्रे नाटकाला राखीव, नाटकाच्या भाड्याची कमाल मर्यादा, चिलर (वातानुकूलनाचे मुख्य यंत्र) व जनरेटर बदलण्याचा खर्च कोणाचा, आणि वापराची नोंदवही दर महिन्याला कोण तपासणार. तिसरी गोष्ट सहसा मोघम राहते. मग पाचव्या वर्षी वातानुकूलन बंद पडते आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

‘पाडा आणि नवे बांधा’

बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि 26 जून 1968 ला ते सुरू झाले. ते पाडून नवे बांधायचा विषय 2018 पासून अधूनमधून वर येतो. इमारत पवित्र आहे म्हणून हात लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. पण प्रेक्षकांच्या तक्रारी काय असतात? स्वच्छतागृहांचा वास, डास, मोडक्या खुर्च्या, मध्येच थांबणारे वातानुकूलन. कलाकारांच्या तक्रारी म्हणजे रंगपटातली ओल, विंगेतला अंधार, अडकणारा पडदा. यातली एकही गोष्ट इमारत जुनी असल्यामुळे होत नाही. देखभालीचा पैसा महसुली खर्चातून येतो. तिथे तरतूद तुटपुंजी, निविदा उशिरा, आणि ठेका संपल्यावर नव्या ठेक्यापर्यंतच्या महिन्यांत वाली कोणी नाही. नव्या बांधकामाला भांडवली तरतूद मिळते, तिचे भूमिपूजन होते. चिलरच्या फिल्टरचे भूमिपूजन होत नाही. हीच सवय नव्या इमारतीत गेली तर दहाव्या वर्षी तिथेही तोच वास येईल.

देखभाल म्हणजे फक्त सोय नव्हे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेले 1915 चे पॅलेस थिएटर, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. लाकडी रंगमंच, कापडी पडदे, वर टांगलेले दिवे आणि त्यांच्या वायरी कोणत्याही नाट्यगृहात एकमेकांच्या हातभर अंतरावर असतात. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते.

फॉरवर्ड पुढे ढकलण्याऐवजी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. आपल्या भागातल्या नाट्यगृहाचे गेल्या वर्षीचे सत्रनिहाय वापराचे रजिस्टर, रद्द झालेल्या आणि त्यानंतर दुसऱ्याला दिलेल्या तारखांची यादी, वीजबिल, देखभालीच्या ठेक्याच्या सुरू आणि संपण्याच्या तारखा, आणि ‘ब’ नमुन्याच्या शेवटच्या दोन प्रती मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. रजिस्टरच्या प्रतींना पानामागे दोन रुपये वेगळे पडतात, म्हणून आधी प्रत्यक्ष पाहणी मागा आणि हवी तीच पाने घ्या.