ओळखपत्र आहे, नाव नाही

२०२४च्या मे महिन्यात लोकसभेच्या मतदानासाठी मी भर उन्हात दीड तास रांगेत उभा राहिलो आणि माझी पाळी आली तेव्हा टेबलामागच्या कर्मचाऱ्याने यादीवरून दोनदा बोट फिरवून सांगितले की तुमचे नाव यात नाही. मतदार ओळखपत्र माझ्या हातातच होते. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, परत दिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्या नियमावर माझा राग नाही. राग आहे तो माझे नाव ज्या रीतीने नाहीसे झाले तिच्यावर.

मी घर बदलले होते, तेही त्याच मतदारसंघात, दोन गल्ल्या पलीकडे. पत्ता बदलण्यासाठी २०२२पासून नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. तो मी कागदपत्रांसह वेळेत भरला आणि त्याचा संदर्भ क्रमांक अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्या अर्जावर कित्येक महिने ‘प्रक्रियेत’ एवढेच दिसत राहिले, आणि दरम्यान जुन्या पत्त्यावरचे माझे नाव ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून मोठ्या तत्परतेने वगळण्यात आले. म्हणजे मी जुन्या घरात राहत नाही हे यंत्रणेला पक्के कळले, परंतु नव्या घरात राहतो हे मात्र मतदानाच्या दिवसापर्यंत कळले नाही. नाव वगळण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २२ सांगते. मला संधी देणारी नोटीस निघालीच असेल, तर ती बहुधा त्याच घरी गेली असावी, जिथे मी राहत नाही म्हणून ती काढली होती!

भाड्याने राहणाऱ्यांचे करार अकरा महिन्यांचे असतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते, हे हिशेब मांडणाऱ्याला सहज कळावे. तरीही दर वेळी धावायचे मतदारानेच. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की निवडणूक होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही, त्यामुळे ज्याला आपले नाव नसल्याचे केंद्रावर कळते त्याच्यासाठी त्या दिवशी काहीही उपाय उरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ने संपूर्ण देशासाठी एकच आयोग नेमला आहे आणि कायदाही एकच आहे. मग नवी नोंद पूर्ण झाल्याशिवाय जुनी पुसायची नाही, एवढा साधा नियम देशभर बंधनकारक करायला काय अडचण आहे? मोबाईलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाली आणि पाचच दिवसांनी पहिला राष्ट्रीय मतदार दिन साजरा झाला. कंपनी बदलताना माझा क्रमांक एका दिवसासाठीही हरवला नाही.

पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या मजुरांपुढे तर माझी तक्रार किरकोळच ठरावी. ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ या कायद्यातील शब्दांमुळे, सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे काढणारा माणूस नेमका कुठला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. २०२२च्या डिसेंबरमध्ये आयोगाने ७२ मतदारसंघांचे मतदान एकाच ठिकाणाहून हाताळू शकेल अशा यंत्राचा नमुना जाहीर केला, पुढच्या महिन्यात राजकीय पक्षांना बोलावले, विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४ची निवडणूक त्या यंत्राविनाच पार पडली. ते आक्षेप मला निराधार वाटत नाहीत, पण यंत्र नको असेल तर टपाली मतपत्रिका आहे, जी सैनिकांना मिळते आणि मजुराला मिळत नाही.

यथावकाश माझे नाव विधानसभेच्या यादीत परत आले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तो विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडतो. त्या फोडाफोडीत मी शेजारच्या प्रभागात जाऊन पडलो. माझ्या घरासमोरचा रस्ता, गटार आणि कचरा ज्या नगरसेवकाच्या अखत्यारीत येतो, त्याला निवडण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार मला उरला नाही. कार्यालयातील खिडकीवर विचारले असता, यादीतील नावे हा त्यांचा विषय नाही, दुसरीकडे जा, असे सांगण्यात आले आणि दुसरीकडे गेल्यावर, प्रभाग हा आमचा विषय नाही, असे ऐकावे लागले. हरकतीचा अर्ज मी अखेर दोन्हीकडे दिला आहे आणि दोन्हीकडून शिक्का मारलेली पोच घेतली आहे.